गांव जागचें हलत नाहीं, जिल्हा हलतो
(पूर्वजांचा शोध करणारांसाठीं पाठ)



आपला पणजा कोठें जन्मला, त्याचा बाप्तिस्मा कोणत्या मंडळींत झाला, त्याची जमीन पुढें कोणाच्या नांवें लागली, असे प्रश्न आज खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतही विचारले जात आहेत. कोणी वारसनोंदीसाठीं विचारतो, कोणी जातीच्या दाखल्यासाठीं, आणि कोणी केवळ मुलांस आपल्या घराण्याचा वृत्तांत सांगतां यावा म्हणून. परंतु अशा पुष्कळांस एकाच ठिकाणीं अडखळावें लागतें. आज आपलें गांव ज्या जिल्ह्यांत आहे त्या जिल्ह्याच्या कचेरींत ते जातात, आजोबांचें नांव सांगतात, आणि "नोंद नाहीं" एवढें उत्तर घेऊन परत येतात. मग त्यांस वाटूं लागतें कीं, आपल्यासारख्या गरीब लोकांची नोंद कोणी ठेविलीच नाहीं. वास्तविक पाहतां नोंद पुष्कळ वेळां असते. पण ज्या सालची ती नोंद, त्या सालीं तें गांव दुसऱ्या जिल्ह्यांत असतें, आणि कागद त्या दुसऱ्या जिल्ह्याच्या नांवाखालीं बांधून ठेविलेले असतात.

ह्यास्तव आजच्या पाठांत एकच गोष्ट शिकावयाची आहे. ती ही कीं, कचेरीची वाट विचारण्यापूर्वीं साल ठरवावें, आणि त्या सालीं आपलें गांव कोणाच्या हाताखालीं होतें हें पाहून मगच पाऊल टाकावें.

लेख हातीं नसला म्हणजे काय होतें हें एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत पाहावयास मिळतें. बंदिवासांतून परत आलेल्या लोकांत कांहीं घराणीं अशीं होतीं कीं, आपण इस्राएलांतील आहों हें त्यांस दाखवितां आलें नाहीं. आणि याजकांच्या कांहीं वंशजांनीं यादींत आपलीं नांवें शोधिलीं, तीं न सांपडल्यामुळें त्यांस याजकपणापासून दूर ठेविलें. त्यांचें बोलणें खोटें होतें असें तेथें कोणी म्हटलें नाहीं. त्यांच्यापाशीं लेख नव्हता, एवढेंच कारण पुरें झालें.

१. एक घर, पांच पत्ते

पनवेलच्या उत्तरेस असलेला तळोजा गांव उदाहरणासाठीं घेऊं. इ. स. १८१७ मध्यें उत्तर कोंकणाचा मुलूख पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला. त्याचा एक जिल्हा करून मुख्य ठिकाण ठाणें येथें ठेविलें, आणि १८३३ पासून त्या जिल्ह्यास ठाणें जिल्हा हेंच नांव पडलें. पनवेलचा प्रदेश, आणि त्यांत तळोजा, ह्याच जिल्ह्यांत होता.

इकडे अलिबागेस आंगऱ्यांचें कुलाबा संस्थान होतें, तें १८४० मध्यें खालसा झालें. पुढें १८५३ मध्यें पेण, रोहें व महाड हे भाग आणि ह्या खालसा संस्थानचा मुलूख मिळून कुलाब्याचा पोटजिल्हा ठाण्याच्या हाताखालीं करण्यांत आला. आणि १८६९ मध्यें कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथें वाचकांनीं सावध राहावें. कुलाबा जिल्हा १८६९ मध्यें झाला खरा, परंतु पनवेल तेव्हां त्यांत गेलें नाहीं. पनवेल तालुका, उरणच्या महालासह, १८८३ मध्यें ठाण्यांतून काढून कुलाब्यास जोडण्यांत आला. आणि शेजारचा कर्जत तालुका तर १८९१ पर्यंत ठाण्यांतच राहिला. म्हणजे १८६९ व १८८३ ह्या दोन सालांमधील चौदा वर्षें जो शोधक कुलाब्यांत धुंडाळील, त्यास पनवेलच्या माणसांचा मागमूस लागणार नाहीं.

पुढें १९४८ मध्यें संस्थानें विलीन झालीं तेव्हां जंजिऱ्याच्या नबाबाचा मुरुड, म्हसळें व श्रीवर्धन हा मुलूख आणि भोर संस्थानांतील सुधागड कुलाबा जिल्ह्यांत आला. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. १९८१ मध्यें कुलाबा जिल्ह्याचें नांव बदलून रायगड असें ठेविलें. आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, तींत तळोजा समाविष्ट झाला.

आतां समजा कीं, तळोज्यांत एक कुटुंब आहे, आणि त्यांतील कोणीही आपलें घर सोडून गेला नाहीं. पणजोबा १८८० मध्यें जन्मले; त्यांचा पत्ता मुंबई इलाखा, ठाणें जिल्हा. आजोबा १९१५ मध्यें जन्मले. त्यांचा पत्ता मुंबई इलाखा, कुलाबा जिल्हा. वडील १९५२ मध्यें जन्मले. त्यांचा मुंबई राज्य, कुलाबा जिल्हा. मुलगा १९८५ मध्यें जन्मला. त्याचा महाराष्ट्र राज्य, रायगड जिल्हा. आणि नातू २०१८ मध्यें जन्मला; त्याच्या दाखल्यावर पनवेल महानगरपालिका. चूल एक, उंबरठा एक, आणि पत्ते पांच. जो मनुष्य हे पांच कागद एकत्र ठेवून पाहील आणि ज्यास हा इतिहास ठाऊक नसेल, तो सहज म्हणेल कीं, हें घराणें पांच ठिकाणीं हिंडलें आहे, किंवा हे कागद एका घराण्याचे नव्हतच.

आणखी एक फसगत सांगितली पाहिजे. कुलाबा म्हटलें म्हणजे आजच्या तरुणांस मुंबईच्या दक्षिण टोंकाचा कुलाबा आठवतो. जुन्या कागदांतील कुलाबा जिल्हा तो नव्हे. अलिबागेसमोर समुद्रांत जो कुलाबा किल्ला आहे त्यावरून ह्या जिल्ह्याचें नांव पडलें होतें. "जन्म कुलाबा" असें लिहिलेलें पाहून मुंबईंत शोध करीत बसूं नये.

२. बदल तीन प्रकारचे

सीमांचे बदल पुष्कळ झाले असले तरी ते तीन प्रकारांत बसतात, आणि हे तीन प्रकार ध्यानांत ठेविले म्हणजे गोंधळ उरत नाहीं.

पहिला प्रकार असा कीं, गांव एका जिल्ह्यांतून काढून दुसऱ्यांत घातलें जातें. पनवेलचें उदाहरण वर दिलेंच आहे. उरण १८६१ पर्यंत साष्टीखालीं होतें, नंतर पनवेलकडे आलें. उत्तरेकडे १९६० मध्यें, महाराष्ट्र व गुजरात हीं राज्यें निराळीं झालीं तेव्हां, ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्यांतील ४७ गांवें व ३ शहरें गुजरातच्या सुरत जिल्ह्यास गेलीं. उरलेलीं २७ गांवें प्रथम डहाणू तालुक्यांत घालून १९६१ मध्यें त्यांचा तलासरी महाल केला. दक्षिणेकडे १९५६ मध्यें बेळगांव जिल्हा मुंबई राज्यांतून म्हैसूर राज्यांत गेला, पण त्यांतील चंदगड तालुका कोल्हापुरास जोडला गेला. अशा गांवीं शोधकास जिल्हाच नव्हे, तर राज्यही पालटून पाहावें लागतें.

दुसरा प्रकार असा कीं, सीमा तीच राहते आणि नांव मात्र बदलतें. कर्जत तालुक्यास १८६६ पर्यंत नसरापूर म्हणत. शहापुरास कोळवण म्हणत. डहाणूस संजाण म्हणत. कुलाब्याचें रायगड झालें तें १९८१ मध्यें. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराणीं ज्या अहमदनगर जिल्ह्यांतून आलीं, त्याचें नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें. अशा बदलांत कागद कोठें जात नाहीं. फक्त वहीवरचें नांव जुनें असतें.

तिसरा प्रकार असा कीं, गांव जागच्या जागीं राहतें आणि त्याचा दर्जा बदलतो. महाल होता त्याचा तालुका होतो. ग्रामपंचायत होती तेथें महानगरपालिका येते. एका जिल्ह्याचे दोन होतात. नाशिक हा जिल्हा १८६९ मध्यें झाला. त्यापूर्वीं त्याचा बराच भाग अहमदनगराखालीं होता. जालना १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होतें.

३. कोणतें दप्तर कोठें राहतें

सीमा बदलली म्हणजे कागदांचें काय होतें, हा ह्या पाठांतील मुख्य भाग आहे. सामान्यतः असें म्हणतां येईल कीं, गांवचें दप्तर गांवाबरोबर जातें, जिल्ह्याचें दप्तर जुन्या जिल्ह्यापाशीं राहतें, आणि छापलेलें पुस्तक जेथें छापलें तेथल्याच नांवाचें राहतें.

गांवचें दप्तर म्हणजे तलाठ्याकडील व तालुक्याच्या कचेरींतील वह्या. सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराची वही, वारसांची नोंद, आणि जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी ज्यांत सांपडतात तें कोतवाल बुक, हे सर्व ह्यांत येतें. मुंबई इलाख्यांत जमिनीच्या हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्यें झाला आणि १९१३ मध्यें तो जमीनमहसुलाच्या कायद्यांत आणला गेला. तेव्हांपासून मालक मेला कीं त्याच्या वारसांचीं नांवें फेरफारांत चढतात. ज्याच्या घराण्याची हातभर जमीन होती, त्याची वंशावळ येथें पिढीवार मिळूं शकते. बाप मेला तें साल, मुलगे किती, विधवा कोण, मुली कोठें दिल्या, हें सर्व कधीं कधीं एका नोंदींत वाचतां येतें. हें दप्तर तालुक्याबरोबर चालत असल्यामुळें तळोज्याच्या माणसानें प्रथम पनवेलास जावें, ठाण्यास नव्हे. मात्र जुन्या वह्या मोडी लिपींत आहेत. मोडी वाचणारा मनुष्य सोबत नसेल तर डोळ्यांसमोर असलेलें आजोबांचें नांवही दिसणार नाहीं.

जिल्ह्याचें दप्तर म्हणजे कलेक्टराचा पत्रव्यवहार, अहवाल, इनामांचे व तक्रारींचे कागद. हे ज्या कलेक्टराच्या कारकीर्दींत लिहिले गेले त्याच्याच जिल्ह्याच्या नांवाखालीं शोधावे लागतात. पनवेलविषयीं १८८३ पूर्वींचें कांहीं हवें असेल तर ठाणें जिल्ह्याच्या यादींत पाहावें. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारांतही ठाणें हेंच नांव धरावें. मुरुड किंवा सुधागड येथील घराण्यानें १९४८ पूर्वींचे कागद शोधतांना कुलाबा कलेक्टराचें नांव घेऊन चालणार नाहीं. तीं तेव्हां संस्थानी प्रजा होती, आणि तिचें दप्तर जंजिरा व भोर दरबारांचें होतें.

छापलेल्या पुस्तकाचें उदाहरण तर फार बोधप्रद आहे. मुंबई सरकारनें कॅम्बेल साहेबांच्या देखरेखीखालीं जिल्ह्याजिल्ह्यांचे गॅझेटियर छापले. ठाणें जिल्ह्याचा ग्रंथ १८८२ मध्यें निघाला, आणि कुलाबा व जंजिरा यांचा ग्रंथ १८८३ मध्यें. पनवेलची बदली झाली त्याच १८८३ सालीं. परिणाम असा झाला कीं, पनवेल व कर्जत यांचें सारें वर्णन ठाण्याच्या ग्रंथांत आहे. आज रायगडचा मनुष्य सरळ कुलाब्याचा जुना ग्रंथ उघडतो, पनवेल सांपडत नाहीं म्हणून मिटतो, आणि शेजारच्या फळीवर ठाण्याचा ग्रंथ तसाच धूळ खात असतो. १९६४ च्या नव्या कुलाबा गॅझेटियरांत मात्र पनवेल आहे.

जन्ममृत्यूच्या नोंदीविषयीं दोन शब्द. सर्व देशास लागू असा जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा आहे. खेड्यांत ही नोंद ग्रामपंचायतींत होते, शहरांत नगरपालिकेंत. म्हणून तळोज्यांत २०१६ पूर्वीं जन्मलेल्या मुलाची नोंद ग्रामपंचायतीच्या जुन्या वह्यांची चौकशी केल्यावांचून "नाहीं" असें समजूं नये. इंग्लंडांत खानेसुमारीच्या घरोघरच्या याद्या शंभर वर्षांनीं लोकांस पाहावयास खुल्या होतात. आपल्या देशांत त्या पाहावयास मिळत नाहींत. त्यामुळें आपणांस गांवच्या दप्तरावर आणि मंडळीच्या रजिस्टरावर अधिक अवलंबून राहावें लागतें, आणि तीं कोणत्या नांवाखालीं आहेत हें कळणें अधिकच अगत्याचें होतें.

४. तर्फ, महाल आणि सारख्या नांवाचीं गांवें

जुन्या कागदांत जिल्हा व तालुका यांखेरीज दुसरेही शब्द येतात, ते ओळखतां आले पाहिजेत. महाल किंवा पेटा म्हणजे तालुक्याहून लहान विभाग. तर्फ म्हणजे कांहीं गांवांचा जुना गट. हे गट आतां राज्यकारभारांत उरले नाहींत, परंतु गांवांच्या नांवांत अद्यापि जिवंत आहेत. पनवेल तालुक्यांत आंबे तर्फ तळोजे आणि आंबे तर्फ वाजे हीं दोन निराळीं गांवें आहेत; तसेंच चिंचवली तर्फ तळोजे आणि चिंचवली तर्फ वाजे. ह्यावरून तळोजा हा एके काळीं आसपासच्या गांवांच्या गटाचा मुख्य होता असें दिसतें. आणि ज्यानें कागदावर नुसतें "चिंचवली, तालुका पनवेल" असें लिहिलें, त्यानें आपल्या नातवांस दोन गांवांच्या मध्यें उभें केलें.

तळोज्याचेंही तसेंच आहे. तळोजे पाचनंद निराळें आणि तळोजे मजकूर निराळें. खुर्द म्हणजे धाकटें व बुद्रुक म्हणजे थोरलें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु उतारा काढतांना हा शेवटचा शब्द गाळण्याची खोड फार आहे. गांवाच्या नांवांतील एकही शब्द गाळूं नये. शिवाय रायगड जिल्ह्यांतच तळा आहे, पुणें जिल्ह्यांत तळेगांव आहे. घाईनें लिहिलेल्या अक्षरांत हीं नांवें एकमेकांसारखीं दिसतात.

आडनांवही येथें साक्ष देतें. कुलाब्याच्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल लोकांकडे पाहावें. पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर अशीं त्यांचीं आडनांवें आहेत. ज्या गांवीं पूर्वज राहिले त्या गांवाचें नांव त्यांनीं आपल्याबरोबर मुंबईस आणि पुढें इस्राएल देशासही नेलें. त्यांचा नातू आज चौल कोणत्या जिल्ह्यांत आहे हें न जाणतांही आपलें गांव सांगूं शकतो. जिल्ह्याचें नांव सरकार ठेवितें व सरकार बदलतें. गांवाचें नांव त्याहून टिकाऊ असतें.

५. मंडळ्यांच्या सीमा

सरकारच्या सीमांशीं मिशनांच्या सीमांचा मेळ नव्हता. मिशनें आपापसांत मुलूख वांटून घेत, आणि ती वांटणी तालुक्यावरून होण्यापेक्षां मिशनरी कोठें राहतो व किती दूर फिरूं शकतो यावरून होत असे. म्हणून एका तालुक्यांतील दोन गांवांचे बाप्तिस्मे दोन निराळ्या मिशनांच्या रजिस्टरांत असूं शकतात.

मिशनांचीं नांवेंही बदललीं. कोंकणांत स्कॉटिश मिशनरी सोसायटीचें काम १८२३ मध्यें बाणकोटच्या बाजूस सुरू झालें. १८३५ मध्यें तें स्कॉटलंडच्या चर्चकडे गेलें. १८४३ मध्यें त्या चर्चमध्यें फूट पडली तेव्हां येथील मिशनरी फ्री चर्चकडे गेले. १९०० मध्यें फ्री चर्चचें युनायटेड फ्री चर्च झालें. आणि १९२९ मध्यें तें पुन्हां स्कॉटलंडच्या चर्चशीं एक झालें. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्यें मुंबईस आलें व १८३१ मध्यें अहमदनगरास गेलें; त्याच्या मंडळ्या पुढें १९२४ च्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियांत सामील झाल्या. अँग्लिकन लोकांत १८३७ मध्यें मुंबईचा बिशप नेमला गेला, आणि १९२९ मध्यें नाशिकचें बिशपक्षेत्र निराळें झालें. शेवटीं २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें हीं व दुसरीं कांहीं चर्चें मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालें. म्हणून नाशिकचें १९२५ चें अँग्लिकन लग्न मुंबईच्या बिशपाखालचें, १९३५ चें नाशिकच्या बिशपाखालचें, आणि १९७५ चें चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचें. वेदी तीच असूं शकेल. पत्र लिहावयाचें तें निराळ्या नांवाचा विचार करून.

जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रि यांनीं बेथेल वसविलें. तेथें १८७५ च्या सुमारास बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याचा मुलूख निजामाचा होता, जिल्हा औरंगाबाद होता, आणि मंडळी फ्री चर्चची होती. आज तेथें महाराष्ट्र राज्य आहे, जालना जिल्हा आहे, आणि फ्री चर्चचें नांवही तेथें राहिलें नाहीं. तीन सीमा निरनिराळ्या वेळीं बदलल्या. ज्यास तिन्ही ठाऊक आहेत त्यासच वाट सांपडते.

लग्नांविषयीं एक आधार आणखी आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्याप्रमाणें लग्न लावणारास नोंदवही ठेवावी लागते व तिचे उतारे सरकारनें सांगितलेल्या ठिकाणीं पाठवावे लागतात. म्हणून मंडळीचें रजिस्टर वाळवीनें खाल्लें तरी आशा सोडूं नये; उतारा दुसरीकडे असूं शकतो. तसेंच मुंबई इलाख्यांतील बाप्तिस्मे, लग्नें व दफनें यांच्या कांहीं नकला लंडनास जात असत. त्या आतां तेथील ब्रिटिश लायब्ररींत आहेत. त्यांत मुख्यत्वें युरोपियन लोक आहेत, तरी कांहीं देशी ख्रिस्ती लोकही आहेत.

अशी अडचण आपल्याच देशांत आहे असेंही नाहीं. इंग्लंडांत १५३८ पासून प्रत्येक पॅरिशांत बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम झाला. परंतु १८४४ मध्यें इतर परगण्यांत विखुरलेले तुकडे शेजारच्या परगण्यांस जोडले गेले, आणि १९७४ मध्यें परगण्यांच्या सीमा पुन्हां मोठ्या प्रमाणावर बदलल्या. तेथील शोधकही प्रथम पॅरिश विचारतो, मग साल, आणि परगणा सर्वांत शेवटीं. आपणही तोच क्रम धरावा.

६. आज ह्याचा उपयोग काय

कोणी म्हणेल कीं, जुन्या सीमा उकरून काय मिळावयाचें? त्यास दोन उत्तरें देतों.

पहिलें, दाखल्यांचें. महाराष्ट्रांत जातीचा दाखला मागतांना पूर्वज ठराविक तारखेस कोठें राहत होते हें दाखवावें लागतें. ती तारीख अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठीं ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागास वर्गांसाठीं १३ ऑक्टोबर १९६७ अशी आहे. ह्या चारही तारखांस पनवेल तालुका कुलाबा जिल्ह्यांत होता. तेव्हां पनवेलच्या कातकरी किंवा ठाकूर बांधवाच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर "जिल्हा कुलाबा" असें असेल, तर तें गांव परकें नव्हे, हेंच रायगडचें गांव होय, हें त्यास ठामपणें सांगतां आलें पाहिजे. ज्यास हें ठाऊक नाहीं तो टेबलापुढें गप्प उभा राहतो, आणि खरा कागद हातांत असून घरीं परततो.

दुसरें, जमिनीचें. १९७० मध्यें नव्या मुंबईच्या उभारणीसाठीं सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी त्या कामासाठीं नेमल्या गेल्या. १९८४ मध्यें जासई येथें दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं आंदोलन केलें, गोळीबारांत माणसें मेलीं, आणि पुढें संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ खातेदारास किंवा त्याच्या वारसास देण्याची योजना आली. येथें वारस ठरविण्याचें काम जुन्या फेरफारांवर पडतें. आणि १९८१ पूर्वींच्या पनवेल व उरणच्या कागदांवर जिल्हा कुलाबा असतो. जिल्ह्याच्या नांवाचा घोळ हा त्या वेळीं नुसता विद्वानांचा प्रश्न राहत नाहीं; तो विधवेच्या व पोरक्या मुलांच्या भाकरीचा प्रश्न होतो.

७. उपदेशकांनीं व पाळकांनीं काय करावें

जो शोध करितो त्यानें पुढील क्रम पाळावा. प्रथम घरांतील वृद्ध माणसास विचारून गांवाचें पूर्ण नांव लिहून घ्यावें. मग प्रत्येक पिढीपुढें अंदाजें साल मांडावें. मग प्रत्येक सालापुढें त्या वेळचा तालुका, जिल्हा, राज्य किंवा संस्थान, आणि मिशन हीं चार नांवें लिहावीं. मग गांवच्या दप्तरासाठीं आजच्या तालुक्यास, जिल्ह्याच्या कागदांसाठीं त्या वेळच्या जिल्ह्याच्या नांवास, आणि बाप्तिस्म्यासाठीं त्या वेळच्या मिशनच्या वारस मंडळीस विचारावें. आणि ह्या तिन्ही ठिकाणीं विचारून झाल्याखेरीज "नोंद नाहीं" हे शब्द खरे मानूं नयेत.

एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. बाप्तिस्म्याच्या वेळीं पुष्कळांनीं नवें नांव घेतलें. मंडळीच्या रजिस्टरांत याकोब असलेला मनुष्य फेरफारांत जुन्या नांवानेंच राहिला असेल. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे बापाचें नांव आणि गांवाचें नांव. म्हणून हीं दोन नांवें जेथें जेथें दिसतील तेथें तेथें जपून उतरावीं.

आणि जे आज रजिस्टरें लिहीत आहेत त्यांस नम्र विनंति कीं, केवळ "मु. तळोजा" असें लिहून थांबूं नये. गांवाचें पूर्ण नांव, तालुका, जिल्हा, बापाचें व आईचें नांव, आणि जुनें नांव असल्यास तेंही लिहावें. तुमच्या हयातींत जिल्ह्याचें नांव पुन्हां बदलणार नाहीं असें कोणी सांगावें? तळोज्याच्या त्या पणज्यास १८८० मध्यें वाटलें नसेल कीं, तीन वर्षांत आपण ठाण्याचे न राहतां कुलाब्याचे होऊं. पुरी लिहिलेली एक ओळ शंभर वर्षांनीं एखाद्या अनोळखी नातवास त्याच्या घरापर्यंत पोहोंचवील. रजिस्टर लिहिणारास ह्याहून मोठी सेवा ती कोणती?

अभ्यासासाठीं प्रश्न

१. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा कोणत्या सालीं झाला, आणि पनवेल त्यांत कोणत्या सालीं आलें? मधल्या वर्षांचे कागद कोणत्या जिल्ह्याच्या नांवाखालीं शोधावे?

२. सीमांच्या बदलांचे तीन प्रकार सांगा, आणि आपल्या तालुक्यांतील एकेक उदाहरण द्या.

३. पनवेलचें जुनें वर्णन ठाण्याच्या गॅझेटियरांत कां आहे?

४. मुरुडच्या घराण्यानें १९४८ पूर्वींचे कागद कोणत्या नांवाखालीं पाहावे?

५. आपल्या मंडळीचें पहिलें रजिस्टर कोणत्या सालापासून आहे, तें लिहिलें गेलें तेव्हां मंडळी कोणत्या मिशनकडे होती, आणि तें आज कोठें ठेविलें आहे? पुढील सभेपूर्वीं तें उघडून पाहा, आणि पहिल्या पानावरील दहा नांवांपुढें कोणतें गांव व कोणता जिल्हा लिहिला आहे तें उतरून आणा.